चावीवाल्या काकांचं पाणी

पाणी सोडणं याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. एक, नळाला पाणी सोडणं. दुसरा, हातातली गोष्ट कायमची जाऊ देणं. चावीवाल्या काकांनी चौतीस वर्षं रोज पहाटे पहिल्या अर्थाने पाणी सोडलं. दुसऱ्या अर्थाने त्यांनी साधा वादसुद्धा कधी सोडला नव्हता.

त्यांची चावी कुलपाची नव्हे. छातीला लागेल एवढा लोखंडी दांडा, वर धरायला आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं गोल झाकण उचलायचं, दांडा खड्ड्यात उतरवायचा, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचा आणि घाण्याच्या बैलासारखं त्याच्याभोवती फिरायचं. टेकडीवरच्या वस्तीला बावीस फेरे, बाजाराला अठरा, दवाखान्याला पूर्ण उघडी. काम सुरू होई तेव्हा आभाळ पाटीसारखं काळं असे आणि शेवटचं झाकण बसवेपर्यंत त्यावर कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखा उजेड आलेला असे.

गळती शोधायला खात्याने एक यंत्र आणलं होतं. ते कपाटात होतं. काका चावीचं एक टोक जमिनीवर टेकवत, दुसऱ्याला कान लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "इथे नाही. मागे चला." मागे मागे जात ते जिथे थांबत, तिथे खणलं की पाणी लागे. यंत्राला हे जमत नव्हतं असं नाही, पण यंत्राला कुणी विचारलंच नाही.

नळाचं पाणी असा शब्द काकांच्या तोंडी कधी आला नाही. ते म्हणत, "आपलं पाणी." पाणी कमी आलं ही तक्रार ते ऐकून घेत. पाणी उशिरा आलं ही तर खाली मान घालून ऐकत. पण पाणी वाईट आहे असं कुणी म्हटलं, की त्या माणसाच्या घराण्यात काहीतरी खोट आहे असं त्यांचं मत होई. गावातल्या प्रत्येक किटलीच्या तळाशी पांढरा थर बसे, नळांच्या तोंडाला पांढरी दाढी येई. काका म्हणत, "ताकद आहे ती. दुसरीकडचं पाणी पिऊन बघा, काही मागे ठेवतं का?"

अशा माणसाला मासे पाळायची बुद्धी झाली ती एका तक्रारीमुळेच.

बाजारात एकाने शोभेच्या माशांचं दुकान घातलं होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत "शोभेचे मासे". पहिल्या आठवड्यात लोक पिशव्या घेऊन आले आणि साफ करून द्याल का म्हणून विचारून गेले. तेव्हापासून त्याने मासे हा शब्द बारीक केला आणि शोभा हा मोठा, म्हणून गावाने त्याचं नाव शोभावाला ठेवलं. त्याच्या नळाला धार नव्हती. काका गेले, नळ बघितला, वायसर काढून दाखवला आणि निघणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या टाकीने त्यांना धरलं.

नखाएवढे मासे. डोळ्यापासून पाठीवर निळी रेघ, जशी पाण्यातच पेटवलेली. पोटामागून शेपटीपर्यंत लाल. निऑन टेट्रा, असं नाव कळलं. सगळे मिळून जात होते, आणि कुणी न सांगता एकदम वळत होते. एक वळला म्हणून दुसरा, असं नाही; सगळे एका क्षणी. काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चौतीस वर्षं चावी फिरवून गाव एका वेळी उठवणाऱ्या माणसाला, इथे चावी कोण फिरवतो, हे बघायचं होतं.

"बारा घेऊन जा, काका," शोभावाला म्हणाला. "एकटा ठेवलात तर झुरून मरतो. हा जमावाचा मासा आहे."

"जगतील ना?"

"जगतील की. पिल्लं मात्र देणार नाहीत."

"का? त्यांना काय झालंय?"

"त्यांना नाही. तुमच्या पाण्याला झालंय. जड आहे."

काका सरळ उभे राहिले. "जड? पाणी वजनावर घेतोस काय तू?"

"चुना आहे हो त्यात. याची अंडी नाजूक. जड पाण्यात पडली की दुसऱ्या दिवशी पांढरी. या गावात अजून कुणाला जमलेलं नाही. पाहिजे तर बाटलीतलं पाणी आणून—"

"चुना तू लावतोस लोकांना," काका म्हणाले. "घाल बारा पिशवीत."

त्याच संध्याकाळी चहाच्या दुकानात, पंपघरातले चौघे आणि फिटर यांच्यासमोर काका बोलून गेले. निवृत्तीला सहा महिने होते. "त्याच्या आत आपल्या पाण्यात पिल्लं काढून दाखवीन. वर एक थेंब बाहेरचा नाही. नाही निघाली, तर निरोपाच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणेन, की मी चौतीस वर्षं गावाला चुना पाजला."

फिटर म्हणाला, "काका, मासे कशाला? आमच्याकडे तीन पोरं याच पाण्यावर झाली."

सगळे हसले. काका हसले नाहीत. शब्द कपातून सांडला होता आणि पुसायला फडकं नव्हतं.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीतलं अर्धं पाणी त्यांचं आहे.

काकू शिवणकाम करत. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, त्याच्या बाजूला इस्त्रीचं टेबल, टेबलावर वाफेची इस्त्री. त्यांच्या हातची घडी अशी बसे, की कपडा घालणाऱ्याचा स्वभावसुद्धा चार दिवस सरळ राही. पण गावच्या पाण्याने इस्त्रीची भोकं बुजत. मग इस्त्री खोकल्यासारखी करी आणि कुणाच्यातरी कपड्यावर पांढरे कण थुंके. अकरा वर्षांपूर्वी, दुसरी इस्त्री गेली तेव्हा, त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "अहो, हे पाणी इस्त्रीला चालत नाही वाटतं." काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इस्त्रीच भिकार."

काकूंनी पुन्हा विषय काढला नाही. जिन्याखाली आइस्क्रीमचं दुकान होतं. तिथल्या वहिनी दर गुरुवारी डीप फ्रीझरच्या भिंतीवरचं बर्फ उलथन्याने खरवडून गटारात टाकत. काकूंनी बादली पुढे केली. वितळलं की फडक्यातून गाळायचं आणि आठवडाभर इस्त्रीत घालायचं. हवेतूनच जमलेलं ते बर्फ. त्यात चुना कुठून येणार? अकरा वर्षं तीच इस्त्री चालली होती. काका परीटघडीचा शर्ट घालून कामावर जात आणि बाही पुढे करून लोकांना दाखवत, "बघा, आपल्या पाण्याची इस्त्री."

काकू हे ऐकत आणि सुईत दोरा ओवत.

मासे घरी आले तसा काकूंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग टाकीच्या स्टँडला कापड शिवलं. बारा जण आठवडाभर एका कोपऱ्यात चिकटून होते, नवीन शाळेतल्या पोरांसारखे. मग मोकळे झाले. काका कामावरून येत, चहा घेत आणि टाकीसमोर बसत. पाठ वळलेली असली तरी काकूंना त्यांच्या मानेवरून कळे, मासे आता वळले.

पिल्लांसाठी वेगळी लहान टाकी. तळाशी जाळी, कारण आईबापच अंडी खातात.

"पोरं वाढवायची ही एक रीत आपली राहूनच गेली," काकू म्हणाल्या. त्यांची एकुलती मुलगी दूर नांदत होती आणि रोज फोन करून आईला अर्धा तास सल्ले देई.

उजेडानेही अंडी मरतात, म्हणून टाकीभोवती काळं अस्तर. ते काकूंनीच दिलं, एका कोटातून उरलेलं. पाणी दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीनचा वास घालवलेलं. त्यासाठी काकांची एक निळी बादली स्वयंपाकघराच्या दाराआड डावीकडे असे. उजवीकडे काकूंची, तशीच निळी. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या. उजवीकडच्या बादलीत काय आहे हे काकांनी कधी विचारलं नाही. पाणी होतं. पाणी म्हटल्यावर आपलंच.

पहिली जोडी ठेवली. मासे अंडी घालतात पहिल्या उजेडाला, आणि त्या वेळी काका दवाखान्याच्या झाकणावर वाकलेले असत.

"तुम्ही गेलात आणि यांनी उरकलं," काकूंनी सांगितलं. "एकमेकांना खेटून थरथरले, आणि झालं. तुमच्यासमोर लाजतात बहुतेक."

काकांनी अस्तराची कड उचलून बॅटरीवर बोटं धरून पाहिलं. काचेचे बारीक मणी. संध्याकाळपर्यंत मणी पांढरे झाले. दुसऱ्या जोडीचे पांढरे झाले. तिसऱ्या वेळी मादीच बदलली, पांढरे झाले. काका दर वेळी नवं कारण शोधत. जाळी. अस्तर. नर आळशी. शोभावाला भिकार मासे देतो. पाण्यावर मात्र त्यांनी संशय घेतला नाही, जसा आपण आईवर घेत नाही.

चहाच्या दुकानात विचारणा सुरू झाली. "काका, बारसं कधी?" पंपवाला विचारी. शोभावाला आमच्या पाण्याला पाण्यात पाहतो, असं काका म्हणत. पण पूर्वी ते दोन कप चहा घेत, आता एक घेऊन उठू लागले. निवृत्तीला सात आठवडे उरले होते. काकू रात्रीची भांडी आवरताना बघत, की हा माणूस टाकीकडे बघतोय पण मान हलत नाही. मासे वळताहेत आणि मान तशीच.

मग तो शुक्रवार आला. काकूंनी फरशी पुसायला दोन्ही बादल्या उचलून बाहेर ठेवल्या. पुसून होतंय तेवढ्यात मुलीचा फोन. तिने आईला फरशी कशी पुसावी हे सांगितलं. ते ऐकता ऐकता काकूंनी बादल्या परत ठेवल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.

शनिवारी काकांनी लहान टाकी धुतली, डाव्या बादलीतल्या पाण्याने भरली आणि चौथी जोडी सोडली. सोमवारी काकूंची इस्त्री खोकली आणि शेजारच्या वकीलबाईंच्या काळ्या कोटावर पांढरं थुंकली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी इस्त्री उभी ठेवली. बादलीत बोट बुडवून चाटलं. मग दारामागे गेल्या आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. बादल्या त्यांनी जागच्या जागी केल्या. पण बादलीतलं पाणी टाकीत गेलं होतं. सांगावं तर नुसत्या शनिवारचं सांगून भागलं नसतं. अकरा वर्षांचं सांगावं लागलं असतं. त्या मूग गिळून कोट घासत बसल्या. जेवताना एवढंच म्हणाल्या, "आज इस्त्रीने वकीलबाईंचा कोट खराब केला."

"इस्त्रीच भिकार," काका म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

बुधवारी पहाटे अंडी पडली. संध्याकाळी काकांनी अस्तर उचललं. मणी काचेसारखेच होते. गुरुवारी मण्यांत काहीतरी वळवळलं. शुक्रवारी काचेला पापणीच्या केसाएवढे तुकडे लटकत होते, आणि प्रत्येकाला टाचणीने टोचल्यासारखे दोन काळे ठिपके. डोळे.

काका ओरडले नाहीत. ते स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, ओंजळभर पाणी घेतलं आणि प्यायले. मग म्हणाले, "आपलं पाणी."

काकूंनी पदराने हात पुसले. "हो," म्हणाल्या. "पाणीच."

पुढचे तीन आठवडे काका जमिनीवरून चालले हे खरं, पण जमिनीला त्यांचा भार जाणवला नसेल. पिल्लं पोहू लागली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून त्यांना थेंबाथेंबाने भरवायचा, डाव्या बादलीतून वाटीवाटीने पाणी बदलायचं. पंपघर येऊन बघून गेलं. फिटर बायको-मुलांना घेऊन आला. साहेबांनी सूचनाफलकावर लावलं, की आपल्या खात्याच्या पाण्याची गुणवत्ता आता जलचरांनीही मान्य केली आहे. निरोपसमारंभात टाकी व्यासपीठावर ठेवायची ठरलं.

समारंभाच्या आधीच्या रविवारी दुपारी शोभावाला आला. तो बराच वेळ काचेला नाक लावून बसला. पिल्लांच्या अंगावर आता निळ्याची चाहूल लागली होती, नुकतीच ओढलेली पेन्सिलची रेघ असावी तशी.

"काका, मानलं," तो म्हणाला. "फक्त एक करू द्या." त्याने खिशातून लहान बाटली आणि काचेची नळी काढली. "हे पाण्यात थेंब थेंब टाकायचं. आधी केशरी होतं. जितक्या थेंबांना हिरवं होईल, तितकं पाणी जड."

"टाक. बाटली संपव हवी तर."

नळाचं पाणी सतराव्या थेंबाला हिरवं झालं. टाकीतलं चौथ्या.

शोभावाला नळीकडे बघत राहिला. "हे तुमचं पाणी नव्हे, काका."

"मी माझ्या हाताने भरलंय."

"हात तुमचा असेल."

खिडकीशी इस्त्रीची वाफ येत होती ती थांबली. काकांनी तिकडे बघितलं. काकू एका बाहीवरची सुरकुती शोधत होत्या, जी तिथे नव्हती.

काकांनी डोळे मिटले. चावी हाताशी नव्हती, पण सवय होती. इथे नाही, मागे चला. अंडी बुधवारची. त्याच्या मागे सोमवार, वकीलबाईंचा कोट. इस्त्री अकरा वर्षं थुंकली नव्हती, ती सोमवारी का थुंकली? त्याच्या मागे शनिवार, टाकी भरली. त्याच्या मागे शुक्रवार, ओली फरशी. काकांनी शोभावाल्याच्या हातातून बाटली आणि नळी घेतली आणि दारामागे गेले. डावी बादली, सतरा. उजवी बादली, एक थेंब, आणि पाणी हिरवं.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"खालचं," काकू म्हणाल्या.

"खालच्या नळाचं?"

"खालच्या आइस्क्रीमचं."

शोभावाल्याला एकदम दुकानाची आठवण झाली. तो जिना उतरून गेला.

"केव्हापासून?"

"तुम्ही दोन दिवस अबोला धरला होता, तेव्हापासून."

काका खुर्चीवर बसले. अंगात त्यांच्याच गर्वाचा शर्ट होता, कडक. त्यांनी बाहीकडे बघितलं. "मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तुम्ही रोज बाही दाखवत फिरत होतात. म्हटलं, माणूस खूश आहे."

"आणि हे?" त्यांनी टाकीकडे बोट केलं.

"ही चूक माझ्या हातून झाली," काकू म्हणाल्या. "मुद्दाम केलं असतं तर आधीच नसतं का केलं? तीन वेळा अंडी मरू दिली असती मी?" इस्त्री उभी ठेवून त्या म्हणाल्या, "कुणाला कळणार नाही हो. शोभावाला बोलायचा नाही. तुम्ही पिल्लं घेऊन बसा व्यासपीठावर."

काका उठले. पिल्लांना बलक द्यायची वेळ झाली होती. तो त्यांनी दिला.

समारंभ पंपघराच्या अंगणात झाला. टाकी मधोमध, तिच्यामागे काका, जसे फोटोत मूल पुढे आणि बाप मागे. साहेब बोलले. पंपवाला बोलला आणि रडला. मग काका उठले. चहाच्या दुकानातले सगळे समोर होते, शोभावाला शेवटच्या रांगेत, काकू आइस्क्रीमवाल्या वहिनींच्या शेजारी.

"मी एक शब्द दिला होता," काका म्हणाले. "आपल्या पाण्यात पिल्लं काढीन. आपल्या पाण्यात निघाली नाहीत. तीनदा बघितलं. अंडी पांढरी होतात. आपलं पाणी जड आहे. त्यात चुना आहे, आणि तो मी तुम्हाला चौतीस वर्षं पाजला. ही पिल्लं निघाली ती हिच्या पाण्यात."

फिटर फसकन हसला. मग सगळेच. टाळ्या वाजल्या. साहेब डोळे पुसत म्हणाले, "वा, काका. यशाचं श्रेय पत्नीला. आणि विनय तरी किती." पंपवाला शेजाऱ्याला म्हणाला, "बायकोचा असा मान ठेवणारा माणूस बघितला नाही."

"मी खरं सांगतोय," काका म्हणाले. तर आणखी टाळ्या.

जन्मात पहिल्यांदा काकांनी दुसऱ्या अर्थाने पाणी सोडलं होतं, आणि ते कुणाच्या अंगावर पडलंच नाही. ते खाली बसले. फलकावरची सूचना आणखी वर्षभर तिथेच होती. शोभावाल्याने सहा पिल्लं नेली आणि टाकीवर चिठ्ठी लावली, "याच गावच्या पाण्यातली". काका दोनदा जाऊन काढायला सांगून आले. तो म्हणाला, "काका, आता तुमच्याकडे चावी आहे का? मग गिऱ्हाइकाला काय वाटायचं ते वाटू द्या."

पहिल्याच मोकळ्या गुरुवारी काका जिना उतरले. वहिनींनी उलथनं पुढे केलं. काकांनी फ्रीझरची भिंत खरवडली, अगदी कोपऱ्यांतूनसुद्धा, आणि बादली वर आणली. मग त्यांनी तांबड्या रंगाचा डबा काढला, ज्याने ते झाकणांवर नंबर घालत. डाव्या बादलीवर त्यांनी लिहिलं, "आपलं". उजव्या बादलीसमोर ब्रश धरून ते बराच वेळ बसले. मग लिहिलं, "हिचं".

काकू चष्मा लावून वाचायला आल्या. "हे कशाला?"

"पुन्हा चुकायला नको."

"चुकलं नसतं तर पिल्लं कुठून आली असती?"

काकांनी ब्रश धुवायला घेतला. कुठल्या बादलीतलं पाणी घ्यावं म्हणून हात क्षणभर अडला, आणि डावीकडे गेला. टाकीत मोठे आणि लहान मिळून सगळे एकदम वळले.